नाटक वाचताना पेन्सिल कुठे थांबली?

दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा येतो. काम एकच दिलेलं असतं : नेमलेलं नाटक वाचा आणि तुमचा स्वतःचा प्रतिसाद लिहा. निम्म्याहून अधिक वह्या 'प्रस्तुत नाटकातून लेखकाने समाजाचं विदारक चित्र रेखाटलं आहे' या वाक्याने सुरू होतात. उरलेल्यांत याच वाक्याचे चुलतभाऊ. मुलं आळशी असतात असं नाही. वर्गाबाहेर त्याच नाटकातल्या माणसांवर तावातावाने बोलतात, पण वही उघडली की 'सर, म्हाका कांयच सुचना.'

त्यांच्यासाठी आणि घरी असं कुणी असेल तर तुमच्यासाठी, नाटक वाचण्यापासून वही देण्यापर्यंत काय काय करायचं ते इथे लिहितो आहे. उदाहरणं बहुतेक 'शांतता! कोर्ट चालू आहे' आणि 'वाडा चिरेबंदी' या दोन नाटकांतली आहेत, कारण तीच माझ्या हाताखालून जास्त वेळा गेली आहेत.

आपली गोव्याची एक वेगळी अडचण आधी सांगतो. आपण नाटकाचे प्रेक्षक आधी आणि वाचक मागाहून. देवळाच्या उत्सवाला, जत्रेला, काल्याला नाटक ठरलेलं. दिवसा पंचायतीत दाखले देणारा कारकून रात्री औरंगजेब होतो. लहानपणी चटईवर आजीच्या मांडीवर डोकं ठेवून आपण तिसरा अंक झोपेत पाहिलेला असतो. हे भाग्यच आहे, पण छापलेलं नाटक हातात आलं की हीच सवय आड येते. कागदावर पेटी वाजत नाही, प्रकाश पडत नाही, कुणी दाढी लावून येत नाही. मग आपण 'पुढे काय झालं' एवढंच शोधत पानं उलटतो. कादंबरीत लेखक मधे मधे येऊन सांगतो की तिला काय वाटलं. नाटकात ते कुणी सांगत नाही. संवाद आणि कंसातल्या चार रंगसूचना, बस्स. मधली जागा वाचणाऱ्याने भरायची आणि प्रतिसाद जन्मतो तो त्या मधल्या जागेत.

पहिलं वाचन : एका बैठकीत, प्रस्तावना सोडून

नाटक प्रयोगात दोन-अडीच तासांत संपतं. वाचायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून रविवारची दुपार धरा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पडद्यापर्यंत एकदाच वाचा. रोज दहा-दहा पानं वाचली की ताण सुटतो. पहिल्या अंकात ठेवलेली वस्तू तिसऱ्या अंकात परत येते तेव्हा तुम्ही ती विसरलेले असता.

प्रस्तावना शेवटी वाचा. जुन्या नाटकांना चांगल्या प्रस्तावना असतात, पण त्या आधी वाचल्या की दुसऱ्याचं मत आपलं वाटायला लागतं. गाईडचं तर नावच काढू नका.

पुस्तक मिळत नाही ही सबब मी ऐकत नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. ज्याचं नाव त्याला दिलंय त्याने १५२६ मध्ये मराठीत 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहायला घेतली होती, हे जाता जाता. गावोगावी छोटी वाचनालयं आहेत. आणि उत्सवात नाटक करणाऱ्या कुठल्याही मंडळाच्या कपाटात संहितांची चळत असते. तिथल्या जुन्या प्रतीवर कुणीतरी दिग्दर्शकाने पेन्सिलीने 'इथे थांब', 'डावीकडून' असं लिहिलेलं असतं. अशी प्रत मिळाली तर सोडू नका.

खुणा : तीनच, जास्त नकोत

मऊ शिसाची पेन्सिल घ्या. ग्रंथालयाचं पुस्तक असेल तर कागदाच्या चिटोऱ्या पानांत घाला, पुस्तक रंगवू नका.

जिथे आपण थांबलो, मग ते हसून असो, चिडून असो, की 'हे काय?' म्हणून असो, तिथे समासात उभी रेघ. जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. जिथे रंगमंचावर कुणीतरी हजर आहे पण बोलत नाही, तिथे गोल. पहिल्या वाचनात एवढंच. का थांबलो याचा विचार आत्ता करायचा नाही.

संध्याकाळी वहीत प्रत्येक रेघेपुढे एक ओळ लिहायची : पान, कुणाचं वाक्य, मला काय झालं. 'पान अमुक, काशीकर बोलतात, माझे दात शिवशिवले.' एवढं कच्चं चालेल. 'कारुण्याची अनुभूती आली' असलं लिहायचं नाही. अनुभूती कुणाला येत नाही, लोकांना रडू येतं.

एक कडी

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका जागेवर थांबून दाखवतो.

'शांतता!' हे विजय तेंडुलकरांचं नाटक १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. अरविंद देशपांडे यांचं दिग्दर्शन, सुलभा देशपांडे लीला बेणारेच्या भूमिकेत. शहरातली एक हौशी नाटकमंडळी एका गावात प्रयोगासाठी येते. रात्रीपर्यंत वेळ काढायचा म्हणून आणि गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते समजावं म्हणून ते खोटा खटला मांडतात. आरोपी बेणारे, न्यायाधीश काशीकर, आरोप भ्रूणहत्येचा. खेळ बघता बघता खरा होतो. हे सगळं प्रत्येक वहीत असतं.

प्रत्येक वहीत नसतं ते हे : नाटक उघडतं तेव्हा सामंत आणि बेणारे हॉलमध्ये येतात आणि बेणारेचं बोट दाराच्या कडीत सापडलेलं असतं. ती ते चोखते आहे. सामंत सांगतो की ही कडी जरा वेडी आहे, नीट मागे सरकवली नाही आणि दार ओढलं तर बाहेरून लागून बसतं, माणूस आत अडकतो. वाचणारा हे हसत वाचून पुढे जातो. गावाकडच्या दारांच्या कड्या अशाच असतात, आपल्या न्हाणीघराची काय वेगळी आहे? पुढे, खेळ अंगाशी येतो आहे असं दिसल्यावर बेणारे आपल्या वस्तू उचलून निघून जायला दाराशी येते. दार उघडत नाही.

एका मुलीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं :

'बेणारेवर झालेला अन्याय वाचून मला खूप वाईट वाटलं. समाज नेहमी स्त्रीलाच दोषी ठरवतो. हे नाटक आजही तितकंच लागू पडतं.'

यात चूक काही नाही. पण हे नाटक न वाचताही लिहिता येतं, आणि हीच त्याची परीक्षा. मी तिला विचारलं, तुझी रेघ कुठे आहे? तिची रेघ दारापाशी होती. मग तिने लिहिलं :

'बेणारे दाराशी जाते आणि दार उघडत नाही तेव्हा मी पानं मागे उलटली. सामंताने आल्या आल्या सांगितलं होतं, कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागतं. तेव्हा मी हसले होते. म्हणजे सापळा मला आधीच दाखवला होता आणि मला तो दिसला नाही. बेणारेचं तर बोटच त्यात सापडलं होतं, तिलाही दिसला नाही. सामंत वाईट माणूस नाही. त्याला कडी बिघडलेली ठाऊक आहे, तरी ती तशीच आहे. मला काशीकरांपेक्षा या गोष्टीचा जास्त राग आला, आणि असा राग यावा का हे मला अजून कळलेलं नाही.'

दुसऱ्या मसुद्यात समाज, स्त्री, अन्याय यांतला एकही शब्द नाही. तरी ते सगळं त्यात आहे. शेवटचं वाक्य ती खोडायला निघाली होती, 'सर, उत्तर ना म्हणून.' मी खोडू दिलं नाही.

मोठ्याने वाचा, आपल्याच जिभेने

दुसरं वाचन आवाज काढून करायचं. घरात लाज वाटत असेल तर गच्चीवर जा. दोघं-तिघं असाल तर पात्रं वाटून घ्या. अभिनय करू नका, सरळ वाचा.

इथे गोव्यातल्या विद्यार्थ्याच्या हाती एक गोष्ट आहे जी पुण्यातल्याच्या हाती नाही. आपण घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, आरती मराठीत म्हणतो. त्यामुळे नाटकातलं मराठी आपल्या कानाला पूर्ण घरचंही नसतं आणि परकंही नसतं. कुठलं वाक्य जिभेवर सहज बसलं आणि कुठलं अडखळलं ते टिपून ठेवा. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तलं देशपांड्यांचं घर विदर्भातल्या धरणगावचं. त्यांच्या बोलण्याचं वळण आपल्या तोंडी लगेच येत नाही. पण मुंबईहून आलेला सुधीर आणि वाड्यातच राहिलेला भास्कर यांचं बोलणं शेजारी शेजारी वाचा. दोन भावांमधलं अंतर त्यांच्या भांडणाआधी ऐकू येतं. आपल्याकडे चतुर्थीला मुंबईहून आलेला काका दुसऱ्या दिवशीपासून कसा बोलतो, ते आठवून बघा.

संगीत नाटक असेल तर पदं गाळू नका. आपल्याकडे उलटं होतं, पद आधीच पाठ असतं, भजनी मंडळात ऐकलेलं, आणि म्हणूनच आपण ते वाचत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९चं. शारदेचं पद आलं की एकच विचारायचं : हेच ती गद्यात कुणाला सांगू शकली असती का? बाप पैशासाठी म्हाताऱ्याशी लग्न लावतोय आणि मुलीला भीती बोलून दाखवायला घरात जागा नाही. गाणं ही तिची जागा आहे. चाल बाजूला ठेवून शब्द वाचल्याशिवाय हे दिसत नाही.

खोली काढा

चित्रकला येत नसली तरी चालेल. कोऱ्या कागदावर चौकोन काढून दारं, खिडक्या, खाट, खुर्ची मांडा. संहितेत पहिल्याच पानावर वर्णन असतं, जे सगळे गाळतात.

'वाडा चिरेबंदी'च्या वेळी एका मुलाने वाड्यापुढचा बंद पडलेला ट्रॅक्टर तुळशीवृंदावनाच्या शेजारी काढला. त्याच्या आजोळच्या घरी तसं मोठं राजांगण आहे आणि तिथे मामाची न चालणारी जीप उभी असते. मी विचारलं, संहितेत तसं लिहिलंय का? त्याने पाहिलं. नव्हतं. मग प्रश्न उरला, हाताने ती जागा का निवडली? त्याचा सगळा प्रतिसाद यातून निघाला : चालत नाही ती वस्तू लोक हलवत का नाहीत, विकत का नाहीत, तिला वळसा घालून वर्षानुवर्षं कसे जातात.

चित्र चुकलं तर बिघडत नाही. चुकलेलं चित्र तुम्ही नाटकात काय घेऊन आलात ते दाखवतं. मात्र चूक आहे हे संहिता उघडून तपासलेलं हवं.

गप्प कोण आहे?

आता ते गोल बघा. मला स्वतःला नाटक वाचायला याच खुणेने शिकवलं, आणि तेही फजितीतून.

गावच्या उत्सवी नाटकात मी कित्येक वर्षं प्रॉम्प्टर होतो. नट म्हणून कुणी घेत नव्हतं आणि अक्षर भरभर वाचता यायचं. विंगेत बाकावर बसायचं, टॉर्चवर रुमाल गुंडाळायचा, बोट ओळीवर. एका वर्षी वडिलांचं काम करणारे आमचे एक जाणते नट पत्र हातात घेऊन थांबले. थांबले ते थांबलेच. मला वाटलं, वाक्य गेलं. मी ओळ फेकली, आणि ती अशी फेकली की पुढच्या चटयांवर हशा पिकला. प्रवेश संपल्यावर आत येऊन ते म्हणाले, 'मुद्दाम ओगी राविल्लों रे हांव!' मुद्दाम गप्प राहिले होते. संहितेत त्या जागी कंसात एकच शब्द होता : 'स्तब्धता'. माझं बोट त्याच्यावरून पुढे गेलं होतं.

वाचताना आपण सगळेच वाईट प्रॉम्प्टर असतो. पुढचं वाक्य छापलेलं दिसतंय म्हणून शांतता गिळून टाकतो. म्हणून एक व्यायाम करा. कंसात 'काही क्षण शांतता' असं आलं की खरंच पाच आकडे मोजा. पाच फार मोठे असतात.

'शांतता!'च्या शेवटच्या अंकात बेणारे बराच वेळ बोलतच नाही. तिच्याबद्दल सगळे बोलतात. मग काशीकर आरोपीला निवेदनासाठी दहा सेकंद देतात. दहाच. आणि तिचं स्वगत छापील पानांवर लांबच लांब चालतं, बाकीची मंडळी जागच्या जागी गोठलेली. ते संपलं की कोर्ट पुढे सुरू, जणू काही ऐकूच आलेलं नाही. मग ती बोलली की नाही? प्रेक्षकाला हा प्रश्न पडायला वेळ नसतो, नटी समोर रडत असते. वाचणाऱ्याला पान मागे उलटून ते 'दहा सेकंद' पुन्हा बघता येतात. नाटक वाचायचं कशाला, पाहायचं असतं, असं म्हणणाऱ्यांना मी हे पान दाखवतो.

स्वतःचं किती घालायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे. काही मुलं स्वतःला दारातही उभं करत नाहीत, काही नाटक सोडून आत्मचरित्र लिहितात.

मी एक साधा नियम देतो : घरी जा, पण परत या. नाटकातल्या एका जागेवरून स्वतःच्या आठवणीत जायचं, तिथे तीन-चार वाक्यं राहायचं, आणि येताना त्याच जागेकडे काहीतरी घेऊन यायचं. परत आल्यावर ती जागा पहिल्यासारखीच दिसत असेल तर आठवण काढून टाका, कितीही चांगली असली तरी.

'वाडा'त वारलेल्या वडिलांच्या, तात्याजींच्या तेराव्याचा खर्च कसा करायचा हा प्रश्न घरभर फिरत राहतो. प्रतिष्ठा ठेवायची तर पैसा कुठून आणायचा? आपल्याकडे हे कुणाला नवीन नाही. एकाच घराला पंधरा वारसदार, अर्ध्या खोल्यांना कुलपं, कौलं गळताहेत आणि दुरुस्ती कुणी करायची यावर सह्या होत नाहीत, असं घर प्रत्येक गावात आहे. तर लिहा त्याबद्दल. पण मग परत येऊन रात्रीच्या त्या प्रवेशाकडे बघा, जिथे भास्करची बायको, वहिनी, घराण्याचे दागिने अंगावर घालते. कुलूपबंद खोली आठवल्यावर तो प्रवेश हावरटपणाचा वाटतो, की आयुष्यभर वाट बघितलेल्या बाईचा? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. वर्ग दरवर्षी दुभंगतो.

घरच्यांची नावं आणि भांडणाचे तपशील मात्र वहीत नकोत. 'एक नातेवाईक' पुरे. वही चार हातांतून जाते.

आवडलं नाही तर

तसंच लिहा. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात रंगमंचावर आलं. बालगंधर्वांची सिंधू लोकांनी डोक्यावर घेतली. आज सतरा वर्षांच्या मुलीला तीच सिंधू असह्य होते : नवरा सुधाकर दारूत बुडालाय, घरात दाणा नाही, आणि ही दळणं दळून त्याची पूजा करतेय. राग खरा आहे, तो झाकू नका. पण रागाला एक जास्तीचं काम द्या. सिंधूच्या बाजूने नाटककाराने दिलेली एक तरी ओळ शोधा, आणि सुधाकरला दारूला लावणाऱ्या तळीरामाच्या विनोदाला आपण कुठे हसलो तेही प्रामाणिकपणे लिहा. दारूचं समर्थन त्याच्याच तोंडी आहे आणि आपल्याला हसूही त्याच्याच बोलण्याचं येतं, ही गोष्ट सोपी नाही.

शिवाय आपण गोव्यात आहोत. कोपऱ्याकोपऱ्यावर बार आहे, अनेक घरांत फेणी औषधाच्या कपाटात असते. इथल्या मुलाला पहिल्या पेल्याचा धक्का तितका बसत नाही. एकाने लिहिलं होतं, 'पहिला पेला वाचून मला काहीच झालं नाही, वकिलीची सनद गेल्यावरचा सुधाकर वाचून झालं.' शंभर टक्के गोव्याचा प्रतिसाद, आणि मला तो फार पटला.

लिहायला बसताना

सात-आठशे शब्द पुरेत. सुरुवात थेट तुमच्या रेघेच्या जागेपासून करा. लेखकाचा जन्म, पुरस्कार, एकूण नाटकं हे काहीही नको. कथानक तीन वाक्यांत, तेही लागेल तिथेच. नाटकात घडतं ते वर्तमानकाळात लिहा (बेणारे दाराशी जाते), तुमचं वाचन भूतकाळात (मी पान उलटलं). दोन्ही काळ वेगळे ठेवले की तुम्ही कुठे आणि नाटक कुठे हे आपोआप स्पष्ट राहतं. उतारा घ्याल तो दोन ओळींचा, कोण कुणाला म्हणतंय ते सांगून. पात्रांच्या नावांचं शुद्धलेखन पुस्तक उघडून तपासा, 'शांतता!'तल्या पोंक्षे आणि रोकडे यांची अदलाबदल मी दरवर्षी वाचतो. आणि 'हे पात्र मनाला भिडतं' असं लिहावंसं वाटलं की थांबून विचारा, कुठल्या पानावर?

शेवटी प्रयोग

वही दिल्यावर नाटक पाहा, आधी नाही. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा असतात, उत्सव असतात, काहीच नसलं तर यूट्यूब आहे. पाहून आल्यावर त्याच वहीत मागच्या पानावर वेगळ्या रंगाने लिहा : मी वाचलेल्यातलं काय इथे नव्हतं?

ती कडीवाली मुलगी एकदा फोंड्याला एका हौशी मंडळाचा 'शांतता!'चा प्रयोग बघायला आमच्याबरोबर आली होती. नेपथ्य सुटसुटीत, दार म्हणजे नुसती लाकडी चौकट, बेणारे हवेतच ढकलते आणि अडते. काम चांगलं झालं, टाळ्या पडल्या. मध्यंतरात सगळे वड्यांच्या रांगेत असताना ती मात्र रंगमंचाकडे बघत उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाली, 'सर, कडी खंय आसा?'